रुग्णाची प्रतिष्ठा



सरकारी दवाखान्याची पायरी चढली नाही असे आपल्यात एकही घर सापडणार नाही. केसपेपरसाठी रांग, मग डॉक्टरसाठी रांग, मग औषधासाठी रांग. आणि दुखणे मोठे असले तर वॉर्डातील खाट. त्या खाटेवर पडल्यावर माणसाचे काय होते ते जरा आठवून पाहा. घरी तो कुणाचा बाप असतो, कुणाचा भाऊ असतो, वस्तीत चार माणसे त्याला विचारून काम करतात. येथे तो 'अकरा नंबर' होतो. वयाने सत्तरीला आलेल्या आईला विशीतला कुणी 'ए म्हातारे' म्हणतो. पडदा न ओढता अंगावरचे लुगडे बाजूला केले जाते. 'मला काय झाले आहे?' असे विचारले तर 'तुला काय कळणार आहे?' असे उत्तर येते.

औषध मिळते. कधीकधी उत्तम मिळते. माणूस बरा होऊन घरीही येतो. पण दुखणे गेल्यावरही काहीतरी आत दुखत राहते, आणि ते कुणाला सांगताही येत नाही, कारण विचारणारा म्हणेल, 'अरे, बरा झालास ना? मग आणखी काय पाहिजे?'

आज आपण याच 'आणखी काय'चा विचार करणार आहोत. आजारी माणसाची प्रतिष्ठा म्हणजे नेमके काय? ती कोणाच्या हाती असते? आणि ती राखणे ही मेहेरबानी आहे की कर्तव्य?

कोणती प्रतिष्ठा?

'प्रतिष्ठा' हा शब्द मराठीत फसवा आहे. 'गावातील प्रतिष्ठित मंडळी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जमीनजुमला, पद आणि पैसा उभा राहतो. अशा माणसाला दवाखान्यात स्वतंत्र खोली मिळते. त्याच्याशी सर्वजण अदबीने बोलतात. पण ही प्रतिष्ठा त्याने दारातून आत येताना बरोबर आणलेली असते. ज्याने काहीच बरोबर आणले नाही त्याचे काय?

आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत 'व्यक्तीची प्रतिष्ठा' असे शब्द आहेत. ती व्यक्ती म्हणजे कोणीही व्यक्ती, अंगावर एक फाटकी चादर घेऊन आलेली सुद्धा. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली हा भेद फार स्वच्छ मांडला. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचे दुसरे काही ठेवता येते. माणसाच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही. म्हणून वस्तूला किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा असते.

हे बोलायला सोपे आहे. जोवर माणूस धडधाकट आहे, कमावतो आहे, चार लोकांच्या उपयोगी पडतो आहे, तोवर त्याला मान देणे कुणालाच जड जात नाही. त्याची किंमत आणि त्याची प्रतिष्ठा तेव्हा एकमेकांत मिसळून गेलेली असते. तो अंथरुणाला खिळला, मलमूत्राचेही भान राहिले नाही, की किंमत संपते. मग उरते ती फक्त प्रतिष्ठा. समाज ती मानतो की नाही हे त्याच वेळी कळते.

तो आजारी भिक्खू

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या आपल्या ग्रंथातही तो घेतला आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता. तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांतून फिरत असता तेथे आले. त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही का? तो म्हणाला, नाही. का नाही? त्यावर त्याने दिलेले उत्तर आपण मनावर कोरून ठेवावे. त्याचा आशय असा, की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत.

लक्षात घ्या, त्याने कुणाविरुद्ध तक्रार केली नाही. आपण निरुपयोगी आहोत, तेव्हा असेच व्हायचे, हे त्याने स्वतःच मान्य करून टाकले होते. माणसाची प्रतिष्ठा मोडते तेव्हा बहुधा असेच होते. आधी इतर लोक त्याला टाकतात, आणि मग तो स्वतःच स्वतःला टाकतो.

तथागतांनी काय केले? त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग तथागतांनी त्याला डोक्याकडून धरले, आनंदाने पायांकडून, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. उपदेश त्यानंतर झाला, आणि तो आजाऱ्याला नव्हे, निरोगी भिक्खूंना झाला. तुम्ही घरदार सोडून आला आहात, तुमची काळजी घ्यायला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेईल, असे त्यांनी विचारले. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे सांगितले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. आजारी भिक्खूकडे कोणी पाहायचे याचा त्यांनी क्रम लावून दिला. आचार्य असेल तर आचार्याने पाहावे, शिष्य असेल तर शिष्याने पाहावे, कोणीच नसेल तर संघाने पाहावे. न पाहिल्यास तो विनयाचा भंग होय. म्हणजे ही गोष्ट त्यांनी कुणाच्या दयेवर सोडली नाही. तिचा नियम केला. दया आज येते, उद्या येत नाही. नियम मात्र दया आली नाही त्या दिवशीही लागू असतो.

थर्मामीटर चार हातांतून

आता दुसरा प्रसंग ऐका. हा विसाव्या शतकातला, काठेवाडातला आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'मध्ये एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत छापून आली होती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात ती नोंदवून ठेवली आहे.

त्या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. जुलाब झाले, श्वास घेता येईना, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या बड्या लोकांकडे पदर पसरावा लागला, दोन रुपये फीसाठी नगरशेठला जामीन राहावे लागले. तेव्हा डॉक्टर आला, पण अट घालून, की रोग्याला वस्तीच्या बाहेर आणा. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या लेकरासह बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने शिक्षकाच्या हाती, शिक्षकाने पत्नीला. आणि तसेच ते परत गेले. रात्री आठच्या सुमारास दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे. औषध धाडले. पुन्हा मात्र तो पाहायला आला नाही. ती बाई मेली.

वाचक हो, येथे क्षणभर थांबा. त्या डॉक्टरने औषध दिलेच नाही असे नाही. रोगाचे नावही सांगितले. फी घेतली, थर्मामीटर लावले, औषध पाठवले. कागदावर लिहायचे तर उपचार झाला. पण ज्याला छातीचा रोग म्हणतो त्या रोगात त्याने छातीला हात लावला नाही, श्वास ऐकला नाही, दुसऱ्या दिवशी काय झाले ते पाहिले नाही. प्रतिष्ठा ही उपचार झाल्यावर वर शिंपडायची गोष्ट आहे, नसली तरी चालेल, असे ज्यांना वाटते त्यांनी या बाळंतिणीकडे पाहावे. जेथे माणूस मानला जात नाही तेथे त्याची नाडीही नीट पाहिली जात नाही.

सावधगिरी आणि विटाळ

येथे कोणी विचारील, की डॉक्टरने अंतर ठेवणे नेहमीच वाईट काय? संसर्गाच्या रोगात अंतर ठेवावेच लागते. २०२० साली करोनाच्या साथीत आपण सर्वांनी तोंडाला मास्क बांधला, सहा-सहा फुटांवर उभे राहिलो. मग फरक कोणता?

फरक असा, की सावधगिरीला कारण असते, मर्यादा असते आणि शेवट असतो. क्षयाचा रोगी खोकतो तेव्हा हवेतून जंतू पसरतात, म्हणून तोंडावर कपडा धरावा, खिडकी उघडी ठेवावी. नियमित औषध सुरू झाले की संसर्गाचा धोका काही आठवड्यांतच बहुतेकांच्या बाबतीत फार कमी होतो. कारण संपले की अंतरही संपते. विटाळाला कारण लागत नाही आणि शेवटही नसतो. त्या काठेवाडी बाळंतिणीचा ताप उतरला असता तरी डॉक्टरने तिला शिवले नसते.

ही कसोटी आता आपल्या घरात लावून पाहू. क्षय झालेल्या सुनेचे ताट-वाटी वेगळे ठेवणारी घरे आपल्यात नाहीत का? क्षय ताटावाटीतून लागत नाही. औषधाचा पूर्ण कोर्स संपून, डॉक्टरने बरी झाल्याचे सांगूनही ते ताट कोनाड्यात वेगळेच राहते. कुष्ठरोग झालेल्या काकाला लग्नकार्यात मागच्या पडवीत बसवणारी घरे नाहीत का? कुष्ठरोग हस्तांदोलनाने लागत नाही, आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच रोगी इतरांना संसर्ग देऊ शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. महारोग्यांना वेगळे डांबण्याचा १८९८ चा जुना कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूदही २०१९ मध्ये काढून टाकली गेली. कायद्याने पडवीतून काढले. आपण अजून बसवतोच आहोत.

ज्यांच्या आज्याला पाणी वरून ओतले जात होते, त्यांनी आपल्या आजारी माणसाला पाणी वरून ओतावे, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? धम्म स्वीकारला, नाव बदलले, भिंतीवरची चित्रे बदलली. कोनाड्यातले ते वेगळे ताट मात्र राहिले, तर काय बदलले?

संमती पुरेशी आहे काय?

आजकाल वैद्यकीय नीतीत रुग्णाच्या संमतीला मोठे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. त्यामागे कटू अनुभव आहेत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे तेथील सरकारी आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या सुमारे ४०० गरीब काळ्या माणसांवर केवळ नजर ठेवली. रोग पुढे कसा जातो ते पाहायचे होते. रोगाचे खरे स्वरूप त्यांना सांगितले नाही, आणि पेनिसिलीन हे हमखास औषध हाती आल्यावरही ते दिले नाही. त्या आजारी भिक्खूला टाकले, कारण तो उपयोगी नव्हता. या माणसांना जवळ ठेवले, कारण ती उपयोगी होती. दोन्हीकडे हिशेब किमतीचाच होता.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एक महत्त्वाचा निकाल दिला. एका स्त्रीने केवळ तपासणीसाठी संमती दिली होती. ती भूल दिलेल्या अवस्थेत असता तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाने म्हटले, ही संमती चालणार नाही; रुग्ण सज्ञान आहे, जिवावरचे संकट नव्हते, तेव्हा ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारायला हवे होते. देह तिचा, तेव्हा निर्णय तिचा.

या वाटेने पुढे जाऊन काही विचारवंत म्हणतात, की संमती पाळली, गुप्तता राखली म्हणजे झाले. 'प्रतिष्ठा' हा निराळा शब्द हवाच कशाला? रूथ मॅक्लिन या अमेरिकन विदुषीने २००३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये असेच मत मांडले, की व्यक्तीविषयी आदर आणि तिची स्वायत्तता यांपलीकडे या शब्दात काही नाही, म्हणून तो निरुपयोगी आहे.

या युक्तिवादात तथ्य आहे. पोकळ शब्दांच्या आड पुष्कळ लबाडी लपते. तरीही एक प्रश्न उरतो. ज्याला निर्णय घेताच येत नाही त्याचे काय? बेशुद्ध पडलेला अपघातग्रस्त, आपल्या मुलाला न ओळखणारी म्हातारी, तीन दिवसांचे मूल, यांची संमती कोण विचारणार? त्यांना उघडे टाकले, त्यांच्यादेखत त्यांची चेष्टा केली, तर त्यांना कळणारही नाही. म्हणून काय ते चालेल? तुमचे मन 'नाही' म्हणते. ते 'नाही' जेथून येते तीच प्रतिष्ठा होय.

याचे उत्तर मला संविधानाच्या उद्देशिकेतच सापडते. घटना समितीपुढे आलेल्या मूळ उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या समितीने तो घातला, आणि व्यक्तीच्या प्रतिष्ठेची हमी बंधुतेकडे सोपवली. नीट पाहा, प्रतिष्ठा स्वातंत्र्याच्या ओळीत ठेवलेली नाही, बंधुतेच्या ओळीत ठेवलेली आहे. स्वातंत्र्य वापरण्यासाठी अंगात बळ लागते, शुद्ध लागते. बंधुता ही दुसऱ्याकडून मिळायची असते. माझी शुद्ध गेली तरी माझ्या उशाशी बसलेल्याची शुद्ध गेलेली नसते. माझी प्रतिष्ठा तेव्हा त्याच्या हाती असते. तो आजारी भिक्खू स्वतःहून उठू शकत नव्हता. त्याची प्रतिष्ठा त्या वेळी पाणी ओतणाऱ्या हातांत होती.

धुणारे हात कोणाचे?

पण ते हात कोणाचे असावेत? हा प्रश्न आपण विचारला पाहिजे, कारण घाण काढण्याचे काम या देशात पिढ्यान्पिढ्या कुणाच्या माथी मारले गेले ते आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आजही वॉर्डात बेडपॅन उचलणाऱ्या मावशी, लादी पुसणारे मामा हे बहुधा कोणत्या वस्तीतून येतात ते तुम्ही जाणता. त्या प्रसंगात तथागतांनी एखाद्या खालच्या मानलेल्या माणसाला बोलावले नाही. ज्याचे स्थान सर्वांत वरचे होते तोच पाणी ओतायला उभा राहिला. मलमूत्र, थुंकी, ओकारी दूर करताना ज्याला किळस येत नाही तो चांगला शुश्रूषक, असे महावग्गात सांगितले आहे. तेथे ही जात नाही, हा गुण आहे. रोग्याला मान द्या आणि त्याची घाण काढणाऱ्या मावशीला हडतहुडत करा, असे दुटप्पी वागणे चालणार नाही. दोघांची प्रतिष्ठा एकच आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सगळाच अपमान द्वेषातून होत नाही. सकाळपासून शेकडो रोगी तपासणारा डॉक्टर, लागोपाठ पाळ्या करून डोळे लाल झालेली सिस्टर, यांचा तोल कधी जातो. तेही माणूसच आहेत, आणि त्यांच्यावर हात उगारणे हा आपला मार्ग नव्हे. पण नावाने हाक मारायला, पडदा ओढायला, 'आता सुई टोचतो आहे' एवढे सांगायला जास्त वेळ लागत नाही. गर्दी हे घाईचे कारण होऊ शकते, तुच्छतेचे होऊ शकत नाही.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, आपला हक्क ओळखावा. जखमी माणूस दारात आला तर सरकारी असो की खाजगी, डॉक्टरने आधी जीव वाचवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत, हे डॉक्टरांच्या आचरणाविषयीच्या २००२ च्या नियमांत आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी खाजगी रुग्णालयांना अशी सनद दर्शनी भागी लावण्यास सांगितले आहे. ती शोधा, वाचा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. हात जोडून गयावया करण्याची सवय आपल्याला लावली गेली आहे, ती सोडा. आवाज न चढवता, मान ताठ ठेवून विचारा, 'मला काय झाले आहे आणि तुम्ही काय करणार आहात?'

दुसरी गोष्ट, रोग्याशी खरे बोला. 'आईला सांगू नका, तिला सोसणार नाही,' असे आपण डॉक्टरला बाजूला घेऊन सांगतो. आईने जन्मभर काय सोसले ते आठवा. रोग्याने आपला आजार आहे तसा सांगावा, लपवू नये, असे महावग्गात म्हटले आहे. त्याने लपवायचे नाही, तर आपण त्याच्यापासून लपवायचे, हे कुठले? तिला हवे तेवढे, तिला पेलेल अशा शब्दांत, हात हातात घेऊन सांगा. किती ऐकायचे ते तिला ठरवू द्या.

तिसरी गोष्ट, सेवा वाटून घ्या. घरात कुणी अंथरुणाला खिळले की सारा भार सुनेवर किंवा मुलीवर पडतो आणि पुरुष दारात बसून चौकशी करणाऱ्यांना माहिती देतात. तथागतांना पाणी ओतण्यात कमीपणा वाटला नाही. मग बापाचे अंग पुसण्यात मुलाला तो का वाटावा?

आज घरी गेल्यावर एवढेच करा. आजारी माणसाची खाट कोणत्या खोलीत आहे ते पाहा. त्याला शेवटचे नावाने कोणी हाक मारली, त्याला विचारून कोणी काही ठरवले, त्याच्या शेजारी बसून कोणी जेवले, हे स्वतःला विचारा. आणि कोनाड्यात ते वेगळे ताट अजून असेल, तर ते धुऊन इतर ताटांत मिसळून टाका.

जयभीम.